तीस सेंटिमीटरचा माणूस जगेल कसा? (नोम जमात रचतोय, मदत हवी)

एल्बेकाठी

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय आणि तोही असला, त्यामुळे आधीच हात जोडतो.

आम्ही ड्रेस्डेनमधले पाच जण दर शनिवारी रात्री टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट खेळतो. तीन मराठी, एक तमीळ, एक इथलाच सॅक्सन. पात्रं आपली, संकटं फाशांची. नव्या गोष्टीची जागा ठरली आहे: इथून तासाभरावरचे एर्त्सगेबिर्ग, सॅक्सनी आणि बोहेमियाच्या सीमेवरचे धातूचे डोंगर. काळही ठरला: १५३० च्या आसपास, चांदी भरात असताना. योआखिमस्टालला १५१६ मध्ये चांदी लागली, तिथल्या नाण्याला ‘टालर’ म्हणू लागले आणि आज सगळं जग ज्याच्यामागे धावतं तो डॉलर हा त्याच टालरचा नातू.

माझ्या वाट्याला नोम आले आहेत. जमीन पोखरून राहणारे बुटके लोक. बागेतले लाल टोपीवाले पुतळे नव्हेत, खाणीतले खरे.

गेल्या महिन्यात फ्रायबर्गजवळच्या एका जुन्या चांदीच्या खाणीत उतरलो होतो. हेल्मेट दर चार पावलांनी छताला आपटत होतं. एका जागी गाइडने सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. काळोख म्हणजे काय ते तेव्हा कळलं: डोळे उघडे आहेत की मिटलेले हे बोट लावून बघावं लागलं. आणि थेंबांचा आवाज. कुठून येतोय काही पत्ता नाही. बाजूला गुडघ्याएवढ्या उंचीचं एक भोक होतं, आत हवा वाहत होती. मनात आलं, यातून कोण जात असेल?

आतापर्यंत ठरवलेलं असं: उंची ३० सेंटिमीटर. आयुष्य शंभर वर्षं. दाढ्या. राजा. प्रत्येक घराण्याचं स्वतःचं भुयार. शाफ्टमधून (खाणीच्या उभ्या विहिरीतून) उड्या मारत खाली जातात, लागत नाही. दिवसाला मूठभर धान्य पुरतं. माणसांशी जेमतेम बोलतात.

आमचा सॅक्सन मित्र वाचून म्हणाला, ही माणसंच आहेत, फक्त लहान केलेली. झोंबलं, कारण खरं आहे. काय चुकतंय सांगा.

शिळा_भात

दाढ्या बायकांनाही का? महत्त्वाचा प्रश्न आहे, हसू नका.

चिचुंद्री

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, त्यामुळे गप्प बसवत नाही.

उंची १७० वरून ३० वर आणली की वजन त्याच प्रमाणात कमी होत नाही, घनात होतं. ६५ किलोचा माणूस ३६० ग्रॅमचा होतो. मोठ्या घुशीपेक्षाही हलका. पण त्वचेचं क्षेत्रफळ वर्गातच घटतं. म्हणजे वजन सुमारे १८० पट कमी, त्वचा फक्त ३२ पट कमी. शरीराची ऊब जाते त्वचेतून. तुमचा नोम म्हणजे झाकण उघडं टाकलेला चहाचा कप आहे.

त्यामुळे भूक. सस्तन प्राण्यांत विश्रांतीतला ऊर्जेचा खर्च वजनाच्या पाऊण घाताप्रमाणे वाढतो, हे माक्स क्लायबरने १९३० च्या दशकात मांडलं. त्या हिशोबाने नोमाला नुसतं पडून राहायला रोज ३२-३३ किलोकॅलरी लागतील, काम केलं तर दुप्पट. धान्यात मोजायचं तर २० ग्रॅम. ‘मूठभर’ बरोबर आहे, पण ती आपली मूठ! त्याच्या वजनाच्या मानाने बघा: तुम्ही रोज साडेतीन किलो कोरडे तांदूळ शिजवून खाल्लेत तर जे होईल ते.

शक्तीची बाजू चांगली आहे. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर अवलंबून, म्हणजे तीही ३२ पटच घटली. स्वतःच्या वजनाच्या मानाने तो आपल्या साडेपाच पट बळकट. दगड उचलू दे त्याला.

शाफ्टच्या उड्या मात्र रद्द करा. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ मध्ये लिहून ठेवलंय की खोल शाफ्टमध्ये उंदीर टाकला तर जरा दचकतो आणि चालू लागतो, घूस मरते. तुमचा नोम घुशीच्या वजनाचा आहे.

(अवांतर: हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, नागरिकत्व घेतलं, आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. मुलांना हे सांगितलं की त्यांना तो धडा एकदम जवळचा वाटतो.)

कडू_कारलं

एवढी प्रतिभा पानिपतावर खर्च केली असती तर. परक्या देशातली परकी भुतं मराठीत आणून काय मिळवणार? आपल्याकडे वालखिल्य आहेत की. अंगठ्याएवढे साठ हजार ऋषी, झाडाच्या फांदीला उलटे लटकून तप करणारे. गरुडाने ती फांदी मोडली तेव्हा ऋषींना इजा होऊ नये म्हणून चोचीत धरून हिंडत होता. आदिपर्व वाचा.

एल्बेकाठी

काका, वालखिल्य मला फार आवडतात. पण ते हवेवर जगतात, मला पोट असलेले लोक हवे आहेत. आणि हे डोंगर मी रोज खिडकीतून बघतो, ते मला परके वाटत नाहीत.

@चिचुंद्री, धन्यवाद, उड्या गेल्या. पण एक विचारतो. नोम हा शब्द ज्याने प्रचारात आणला त्या पॅरासेल्सस या सोळाव्या शतकातल्या वैद्याच्या मते हे लोक मातीतून असे जातात जसा मासा पाण्यातून. तेवढं सोडून देतो. याच डोंगरांत गेओर्ग अग्रिकोला नावाचा डॉक्टर होता, योआखिमस्टालला खाणकामगारांचे उपचार करायचा. त्याने १५४९ मध्ये खाणीतल्या बुटक्यांचं वर्णन केलंय: दोनेक फूट उंच, म्हाताऱ्यासारखे, खाणकामगाराचेच कपडे, कमरेला कातडं, सदा कामात दिसणार पण प्रत्यक्षात काहीच न करणारे.

शिळा_भात

सदा कामात दिसणार पण काही न करणारे. आमच्या ऑफिसात येऊन गेला होता का हा डॉक्टर?

मोगरा७

तो दोन फूट म्हणतो तर तुम्ही तीस सेंटिमीटर का?

एल्बेकाठी

घाबरलेला माणूस जे बघतो ते दुप्पट सांगतो, या हिशोबाने. :)

मोगरा७

नावाचं काय? ‘नोम’ मराठीत अगदी उपरं वाटतं. (इथल्या जर्मनमध्ये ग उच्चारतात ना, ग्नोम?) कुबेराच्या पदरी गुह्यक असतात, पुरलेलं धन राखणारे. जवळजवळ हेच.

एल्बेकाठी

हो, इथे ग्नोम म्हणतात. गुह्यक सुंदर आहे, पण फार संस्कृत. आमच्यातल्या एकाने ‘भुईकर’ सुचवलं.

जुनी_वही

भुईकर हे आडनाव आहे हो. ग्रामपंचायत सदस्य वाटतो. पण चांगलंय, ठेवा.

वणीकर_पोर

सहज आलो होतो, थांबलो. माझे वडील वणीकडे कोळशाच्या खाणीत होते, अंडरग्राउंड. भुईकर बोलतात कसे हे कुणी विचारलं नाही म्हणून लिहितो.

बाबा सांगायचे, शिफ्ट सुरू व्हायच्या आधी काठीने रूफ ठोकून बघायचं. टणक आवाज आला, खणखणीत, तर कामाला लागा. ढब्ब असा पोकळ आवाज आला की मागे सरका, थर सुटलाय. बाबांचा हात इतका बसला होता की घरी नवीन टेबल आणलं तरी आधी बोटाच्या पेराने ठोकायचे. लग्नाचं स्थळ आलं तेव्हा त्या घराची भिंतसुद्धा ठोकली होती, आई अजून सांगते.

तर माझं म्हणणं, एवढ्याशा गळ्यातून आवाज निघणार बारीक, चिरका. बारीक आवाज दगडातून आणि वळणातून लांब जात नाही. भुईकर बोलतील समोरासमोर, पण लांबच्या माणसाशी ठोकूनच. दगड हाच त्यांचा फोन.

चिचुंद्री

वा! आणि हे प्राण्यांत आहे. पूर्व भूमध्य भागात एक आंधळा मोल-रॅट असतो, स्पालॅक्स. आयुष्यभर एकटा भुयारात, आणि शेजाऱ्याशी बोलतो भुयाराच्या छतावर डोकं आपटून. दगडमातीतून जाणारी कंपनं पकडतो.

एल्बेकाठी

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या कथिलाच्या खाणींत तर या बुटक्यांचं नावच ‘नॉकर’, म्हणजे ठोकणारे. भिंतीतून ठोके आले की छत कोसळणार असं कामगार समजत, आणि डब्यातल्या पेस्टीचा (मांस भरलेल्या करंजीचा) कडेचा तुकडा त्यांच्यासाठी टाकत.

म्हणजे माणसं रूफ ठोकतात, भुईकरांना ते बोलणं वाटतं. माणसांच्या ठोक्यांना भुईकरांच्या भाषेत काही भलताच अर्थ निघत असेल. ‘तुझी आजी मेली, तुझी आजी मेली’, दर शिफ्टला. यातून शनिवारची एक अख्खी रात्र निघेल.

वणीकर_पोर

=)) माणसांना ते काय म्हणतात? मी असतो तर ‘धपधपे’ म्हटलं असतं.

एल्बेकाठी

धपधपे. ठरलं.

सह्यवेडा

आयुष्य शंभर वर्षं कसं? लहान जीव लवकर मरतो ना? उंदीर दोन-तीन वर्षं.

चिचुंद्री

नियम तसा आहे, अपवाद मात्र नेमके अंधारात राहणारे आहेत. पूर्व आफ्रिकेतला बिनकेसाचा मोल-रॅट, वजन ३५ ग्रॅमच्या आसपास, तीस वर्षांहून जास्त जगतो. सायबेरियात कडी घातलेलं एक वटवाघूळ ४१ वर्षांनी जिवंत सापडलं, वजन सात ग्रॅम. स्लोव्हेनियाच्या गुहांतला आंधळा पांढरा प्रोटिअस हा उभयचर शंभरी गाठत असावा असा अंदाज आहे. जिथे शिकारी पोचत नाही तिथे शरीराला दुरुस्तीवर खर्च करणं परवडतं, असं साधारण समजलं जातं. शंभर वर्षं द्या, माझी हरकत नाही.

सह्यवेडा

मग समाजही त्या मोल-रॅटसारखा करा की! एकच राणी, तीच पिलं घालते, बाकी सगळे कामकरी. मुंग्यांसारखं. शिवाय ते १८ मिनिटं प्राणवायूशिवाय तग धरतात, २०१७ मध्ये प्रयोग झाला होता. खाणीत उपयोगी.

मोगरा७

प्राणवायूचं घ्या, राणी नको. कायमची बाळंतीण एक बाई आणि बाकीच्या सगळ्या वांझ आणि आज्ञाधारक, ही कल्पना गोष्टी लिहिणाऱ्या पुरुषांना फार लवकर सुचते असं निरीक्षण आहे. आणि राणी आली की गोष्ट राणीची होते. घरं, भांडणं, उधाऱ्या, सासवा, यांतलं काही उरत नाही.

त्यापेक्षा एक बाळंतपण नीट विचारात घ्या. ३६० ग्रॅमच्या बाईचं मूल केवढं? त्याला ऊब कोण देणार? अंगावर पाजणाऱ्या आईला किती खावं लागेल?

चिचुंद्री

अगदी. उंदराची मादी पाजत असताना नेहमीच्या दुपटीहून जास्त खाते. नोम बाईला रोज ४०-५० ग्रॅम धान्य लागेल, आणि ते आणायला तिला बाहेर जाता येणार नाही, कारण पिलू तासाभरात गार पडेल. म्हणजे बाळंतिणीचा वाटा कुणीतरी द्यायचा, आणि पोरं एकत्र, एकमेकांना चिकटून ठेवायची. बाळघर. आईपेक्षा बाळघराची ओळख मोठी. ‘तू कुणाची?’ ऐवजी ‘तू कुठल्या ढिगातली?’

पाण्याचंही बघा. आपण आंघोळ करून बाहेर येतो तेव्हा अंगावर अर्धाएक किलो पाणी असतं, पाऊण टक्का वजन. नोमाच्या अंगावर चार-साडेचार टक्के चिकटेल, आणि ते वाळताना उरलीसुरली ऊब घेऊन जाईल. थेंब टपकणाऱ्या खाणीत राहणाऱ्याला भिजणं म्हणजे मरण. आंघोळ नाही. चिंचिला करतो तशी धुळीत लोळण.

एल्बेकाठी

टोपीचं कोडं सुटलं! मध्ययुगातले इथले खाणकामगार टोकदार टोपडं घालत. आज नाताळच्या आधी इथे खाणकामगारांच्या मिरवणुका निघतात, त्यात पाठीमागे ढुंगणावर बांधलेलं कातडं अजून दिसतं, ओल्या दगडावर बसायला आणि घसरायला.  भुईकरांची टोपी म्हणजे छत्री. टपकलेला थेंब टोकावरून ओघळून मागे पडला पाहिजे. उघड्या डोक्याने हिंडणारा एक तर वेडा, नाही तर श्रीमंत.

वणीकर_पोर

श्रीमंत का?

एल्बेकाठी

कारण तो कोरड्या जागी राहतो. कुठल्या ते अजून ठरवलं नाही.

वणीकर_पोर

मी सांगतो. खाली. जितकं खाली जाल तितकं गरम. बाबा म्हणायचे, वर स्वेटर, खाली बनियन.

चिचुंद्री

दर शंभर मीटरला साधारण तीन अंश. सॅक्सनीत वरच्या भुयारात ८ अंश धरलं तर ६०० मीटरवर २६. माणसं १५३० मध्ये एवढी खाली गेली नसतील, भुईकर जाऊ देत. तिथे शरीर तापवायचा खर्चच नाही. वरच्या मजल्यावरचा भुईकर २० ग्रॅम खाऊन कुडकुडणार, खालचा १२ ग्रॅममध्ये सुखात.

जुनी_वही

म्हणजे ‘उच्च कुळ’ नाही, ‘खोल कुळ’! खोल घरातली मुलगी. ‘फार वर गेला हो तो’ म्हणजे वाया गेला. देव खाली, नरक आभाळात. आभाळ म्हणजे तर त्यांना तळ नसलेलं भोक वाटत असणार.

एल्बेकाठी

हा धागा मी प्रिंट काढून ठेवणार आहे.

पण धान्य? तेही खाली नाही पिकत. बीचच्या बिया, ओकची फळं, हेझलनट, धपध्यांच्या शेतातली राय, हे सगळं वर. गोळा करणारे वरच्या मजल्यावरचे. पाच महिने बर्फ. माणशी रोज २० ग्रॅम म्हणजे हिवाळ्याला तीन किलो, स्वतःच्या वजनाच्या आठपट प्रत्येकाने साठवायचं. आणि त्यातला वाटा खाली जाणार. का देतील वरचे?

चिचुंद्री

इथे मला माझ्या नावाचा प्राणी आणायचाय, दोन दिवस थांबले होते.

युरोपात एक छोटी चिचुंद्री असते, सोरेक्स. तुमच्या एल्बेकाठीही असेल. १९४९ मध्ये पोलंडचे ऑगस्ट डेनेल यांनी दाखवलं की हिवाळा जवळ आला की हिची कवटी आकसते. १५ ते २० टक्क्यांनी. हाडच विरघळतं, आत मेंदूही लहान होतो. वसंतात पुन्हा वाढतो, पण पहिल्याइतका होत नाही. कारण उघड आहे: मेंदू हा अवयव फार खादाड. अन्न नाही तेव्हा तो पोसायचा कशाला? हिवाळ्यातल्या चिचुंद्र्या रस्ता शिकण्यात कच्च्या पडतात असंही दिसलंय.

वरच्या मजल्यावरच्या भुईकरांना हे द्या. थंडीत त्यांचा मेंदू आकसतो. ते विसरतात.

मोगरा७

बाप रे.

शिळा_भात

आमच्या ह्यांना बारमाही डेनेल आहे असं बायको माझ्या पाठीमागून वाचून म्हणाली. मी तिला विचारलं कोण डेनेल, तर म्हणे बघा.

सह्यवेडा

एवढासा मेंदू मुळात बोलू-मोजू शकेल का? प्रमाणात काढला तर सात ग्रॅम होतो.

चिचुंद्री

रॅव्हनचा (डोमकावळ्याचा) मेंदू १४-१५ ग्रॅमचा असतो आणि तो काय काय करतो ते बघा. पक्ष्यांच्या मेंदूत मज्जापेशी फार दाटीने बसलेल्या असतात. भुईकरांना तशी दाटी द्या आणि वीस ग्रॅम द्या. फक्त सोरेक्स एकच हिवाळा बघते, वर्ष-दीड वर्षात संपते. तुमचे लोक शंभर हिवाळे काढणार. दरवेळी थोडं कमी परत आलं तर म्हातारपणी काय उरेल, ते तुम्ही ठरवा.

जुनी_वही

बँकेत तेहेतीस वर्षं काढली, त्यामुळे मला लगेच दिसलं ते लिहिते. जे लोक दर हिवाळ्याला विसरतात त्यांच्याकडे दोन गोष्टी असणारच: साक्षीदार आणि खुणा.

युरोपात पूर्वी खाचांच्या काठ्या असत. काठीवर देण्याएवढ्या खाचा पाडायच्या, मग काठी मधोमध उभी चिरायची. अर्धी धनकोकडे, अर्धी ऋणकोकडे. फेडताना दोन्ही जुळवायच्या. एकट्याने खाच वाढवली तर दुसऱ्या अर्धुकाशी जुळत नाही, पकडला जातो. इंग्लंडच्या खजिन्यात हे १८२६ पर्यंत चाललं. मग १८३४ मध्ये साठलेल्या काठ्या जाळायला घेतल्या आणि त्यात पार्लमेंटची इमारतच जळाली. माझी आजी दुधाचा हिशोब दाराच्या चौकटीवर गेरूच्या रेघांनी ठेवायची. दूधवाला यायचा, आपल्या रेघा मोजायचा, तिच्या मोजायचा, आणि दर महिन्याला दोघांचं भांडण.

भुईकरांचा मोठा सण शरदात. उजळणी. प्रत्येकाने चारचौघांत उभं राहून सांगायचं: माझं नाव हे, माझा नवरा हा, मी याचं इतकं देणं लागते, अमक्याशी माझं वैर आहे आणि त्याचं कारण हे.

मोगरा७

आणि एखादं वैर मुद्दाम सांगायचंच नाही. हिवाळ्यावर सोडून द्यायचं.

लग्नाचंही तसंच असू दे. वसंतात दोघांनाही आठवलं नाही तर ते सुटलं. एकालाच आठवलं तर? त्यासाठी त्यांच्या भाषेत एक वेगळा शब्द असेल.

वणीकर_पोर

पण खालचे विसरत नाहीत ना? त्यांना थंडीच नाही. मग वसंतात वरच्यांना कोण सांगणार काय ठरलं होतं ते?

एल्बेकाठी

...

पंधरा मिनिटं हाच प्रतिसाद बघत बसलोय.

खालचे सांगणार. खालच्यांना सगळं आठवतं. म्हणून वरचे धान्य देतात. सैन्य नको, राजाही नको. राजा काढून टाकला मी.

कडू_कारलं

आता वाचण्यासारखं झालं. मी खेड्यात वाढलो. सावकाराचं बळ त्याच्या लाठीत नव्हतं, वहीत होतं. अंगठा आपला, अक्षर त्याचं.

पण एकतर्फी होतंय. खालच्यांना ऊब, स्मरण, फुकट धान्य. त्यांचं दुखणं काय?

एल्बेकाठी

काका, दुखणं याच डोंगरांत आहे, आणि मला ते आधीच सुचायला हवं होतं.

इथे श्नेबर्ग नावाचं गाव आहे. तिथले खाणकामगार पिढ्यान्‌पिढ्या छातीच्या रोगाने तरणेताठे मरत. १८७९ मध्ये हेर्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी तो फुप्फुसाचा कर्करोग आहे असं दाखवलं. कारण नंतर कळलं: रेडॉन. या खडकात युरेनियम आहे, त्यातून हा वायू झिरपतो, आणि जिथे हवा खेळत नाही तिथे साठतो. क्लाप्रोटने १७८९ मध्ये युरेनियम ओळखलं ते याच डोंगरातल्या काळ्या दगडातून, आणि क्युरी पती-पत्नींनी रेडियम काढलं ते योआखिमस्टालच्या टाकाऊ खनिजातून.

खोल, उबदार, हवा न हलणारी जागा. खालचे चाळिशीत खोकून मरतात. वरचे शंभर वर्षं जगतात आणि दरवर्षी विसरतात. आणि ज्या पॅरासेल्ससने नोमांना नाव दिलं त्यानेच खाणकामगारांच्या छातीच्या दुखण्यावरही लिहिलं होतं. एकाच माणसाला दोन्ही दिसलं होतं.

चिचुंद्री

हे भुईकरांना कळतं का?

एल्बेकाठी

नाही. खालचे समजतात की फार आठवल्याने छाती भरते.

मोगरा७

हे वाक्य तसंच ठेवा, हात लावू नका.

सह्यवेडा

कोबाल्ट कुठेतरी आणा हो. कोबोल्ड या खाणीतल्या भुतावरून नाव पडलं ना? चांदीसारखा दिसणारा दगड, भट्टीत घातला की चांदी नाहीच, वर आर्सेनिकचा धूर. निकेलही तसंच, तांब्यासारखं दिसून फसवणारं.

एल्बेकाठी

हो, ब्रांटने १७३० च्या दशकात कोबाल्ट वेगळा केला, क्रोनस्टेटने १७५१ मध्ये निकेल. धपधपे म्हणतात भुईकरांनी चांदी चोरून खोटा दगड ठेवला. भुईकरांना चांदीचं काहीच नाही, खाता येत नाही. त्यांना कळतच नाही की वरून रोज शिव्या का येतात.

शनिवारी पहिला डाव आहे. सुरुवातीचा तुकडा टाकतो, बघा:

*बर्फ वितळल्याचा ठोका तीनदा आला तेव्हा ती उठली. ढिगातले बाकीचे अजून झोपेत होते, कुणाचा पाय तिच्या पोटावर होता. कुणाचा, ते आठवेना. टोपी घातली. गळ्यात दोरीला अर्धी काठी होती, म्हणजे आपण कुणाचं तरी देणं लागतो. खालून माणूस आला होता, उघड्या डोक्याचा, खोकत. त्याने आपली अर्धी काठी पुढे केली. तिने जुळवली. एकेक खाच एकेका खाचेत बसली. ‘बारा,’ तो म्हणाला. तिने बोट फिरवलं. बारा होत्या. दिव्याजवळ नेऊन पाहिलं. अकरा खाचा धुराने काळ्या पडल्या होत्या. बारावी पांढरी होती.*

जुनी_वही

हिवाळ्यात वर येऊन, तिच्या गळ्यातली काठी आपल्या काठीला जोडून, दोन्हींवर एकदम खाच पाडली मेल्याने.

वणीकर_पोर

सगळं मस्त, पण धूर कुठून आला? बंद भुयारात चूल पेटवली तर हवा संपेल. बाबा असते तर पहिलं हेच विचारलं असतं.

एल्बेकाठी

अरेच्चा. बरोबर.

चिचुंद्री

आंघोळ नाही ना करत? मग हाताचा मळ. पाच महिने गळ्यात घालून झोपली आहे.

एल्बेकाठी

धूर काढला. मळ केला.